मांडे, मंडिगे आणि बुऱ्हाणपूरची संध्याकाळ

नुसत्या कल्पनेत रमणारा माणूस मराठीत ‘मनात मांडे खातो’. कानडीत तोच माणूस ‘मनस्सिनल्ली मंडिगे’ खातो. ज्या घरात आई मराठीत हाक मारते आणि आज्जी कानडीत रागावते, त्या घरातल्या मुलांना या दोन म्हणी दोन भाषांच्या आहेत हे बरेच उशिरा कळते. दोन्ही भाषांनी स्वप्नासाठी नेमका हाच पदार्थ निवडला, याचे कारण मात्र कोणत्याही घरात विचारले तरी सांगतील. मांडा करणे हा पोराटोरांचा खेळ नाही. कणीक अशी तिंबायची की ती हातावर झुलत झुलत पसरावी, पण फाटू नये. पातळ इतकी व्हावी की पलीकडचा उजेड दिसावा. आणि मग ती एका झटक्यात तापलेल्या पालथ्या खापरावर पडावी. हे ज्याला जमते तो प्रत्यक्ष मांडे खातो. बाकीच्यांनी मनातच खावेत.

बेळगावकडचा मांडा आपल्या ओळखीचा. साखर, तूप, खसखस किंवा खवा पोटात घेऊन घडी घातलेला, कुरकुरीत, लग्नाच्या पंगतीत मान मिळवणारा. खानदेशचा मांडा पुरणाचा, मऊ आणि हातभर. या दोघांचा तिसरा भाऊ मात्र आपल्याला फारसा माहीत नसतो. तो राहतो मध्य प्रदेशात, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात. त्याच्या पोटात काहीच नसते. पांढऱ्या धुवट रुमालासारखा तो घडी करून ठेवलेला असतो, आणि तिथे तो वजनावर विकला जातो. त्याला भेटण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, असे हे गाव आहे.

इस्तंबूलची फेरी, तापीचा काठ

अलीकडे परदेश सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत इस्तंबूलचे नाव बरेच ऐकू येते. तिथे संध्याकाळी वाटाड्याबरोबर खात खात हिंडण्याच्या फेऱ्या निघतात. एमिनोनूच्या धक्क्यावरून बोटीत बसायचे, मागे सुलेमानिये मशिदीचे घुमट आणि गलाताचा बुरूज मावळत्या उन्हात पाहायचे, आणि पलीकडे आशिया खंडातल्या कादिकोयच्या बाजारात उतरून कबाब, पुलाव, भरलेल्या भाज्या, हलवा असे थोडे थोडे चाखत जायचे. पोट भरण्यापेक्षा गाव समजून घेणे हा त्या फेरीचा हेतू असतो.

ज्यांना तेवढे लांब जाणे जमणार नाही, त्यांनी भुसावळला उतरून खांडव्याच्या बाजूची गाडी धरावी. साधारण ५५ किलोमीटरवर बुऱ्हाणपूर येते. इथे नदी आहे, घुमट आहेत, हम्माम आहे, पुलाव आणि कोरमा आहे. आणि तुर्कस्तानशी या गावाचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये १७ व्या शतकात इथून गेला, तेव्हा बुऱ्हाणपूरचे तलम पांढरे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि पार पोलंड-रशियापर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच गावात शहजादा परवेझच्या भेटीला आला होता. पुढे १६२१ पासून सात वर्षे तोच तुर्की सुलतानाच्या दरबारात इस्तंबूलला वकील होता. बुऱ्हाणपूर आणि इस्तंबूल ही त्या काळच्या माणसांना एकाच जगातली दोन गावे वाटत असत.

उजेड असतानाच किल्ला

संध्याकाळची सुरुवात शाही किल्ल्यापासून करावी, आणि तीही ऊन उतरायच्या आत. कारण दिवस मावळला की किल्ला बंद होतो. तापीच्या पात्रातूनच भिंत उभी राहावी तसा हा किल्ला काठावर उभा आहे. गच्चीवर गेले की खाली नदी, घाट, धुणी आणि होड्या, पलीकडे जैनाबादची शेते, आणि पाठीमागे दाटीवाटीचे जुने गाव दिसते. गावाच्या वेशीवर तटबंदीचे दरवाजे अजून आहेत. शनवारा, इतवारा, लोहारमंडी, शिकारपुरा, राजपुरा ही त्यांची नावे. आपल्याकडे पेठा तसे इथे पुरे. वाराचा बाजार, एखादा सरदार, एखादा धंदा यांच्यावरून पडलेली नावे माणसे बदलली तरी राहिली.

फारुकी घराण्याच्या नासिरखानाने १४०० च्या सुमारास हे गाव वसवले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने खानदेश घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचे दक्षिणेचे ठाणे झाले. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा यांच्यावर निघणाऱ्या फौजा इथूनच निघत. म्हणजे आपल्या भागाचा बराच इतिहास या गच्चीवर बसून ठरवला गेला आहे.

किल्ल्यातला हम्माम मुमताजमहलच्या नावाने ओळखला जातो. मध्ये दगडी हौद, वर घुमट आणि त्यावर रंगीत नक्षी. रंग बरेच उडाले असले तरी वेलबुट्टी ओळखू येते. गरम पाणी, वाफ आणि अंग चोळून घेणे ही रीत इराण-तुर्कस्तानची. तुर्कीत आजही स्नानगृहाला ‘हमाम’च म्हणतात. गावाला पाणी पुरवणारा कुंडी भंडाराही त्याच जगातून आला. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली तो खोदला गेला. सातपुड्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, केवळ उताराच्या जोरावर गावाकडे आणायचे. वर हवा-उजेडासाठी ओळीने शंभराहून अधिक कुंड्या. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. तो गावाबाहेर आहे, त्यामुळे त्याच्यासाठी सकाळ राखावी.

सूप आणि रोटी

मुमताजमहल याच गावात १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात दफन केले आणि सुमारे सहा महिन्यांनी आग्र्याला नेले. ताजमहालाची ही पहिली पायरी वाटाडे रंगवून सांगतात. त्याच वर्षाची दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि खाण्याच्या फेरीत ती सांगायलाच हवी.

१६३० ते १६३२ ही दख्खनच्या भयंकर दुष्काळाची वर्षे. ज्या वर्षी शिवनेरीवर शिवबाचा जन्म झाला, त्याच वर्षी हा दुष्काळ सुरू झाला. पावसाने पाठ फिरवली आणि गावेच्या गावे ओस पडली. तेव्हा शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेच्या मुलखात लंगर उघडायला सांगितले. भुकेल्यांसाठी रोज ‘आश’ म्हणजे दाट सूप आणि रोटी. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याचेही दरबारी इतिहासात नोंदलेले आहे. जेवढे माणसांचे हाल, तेवढी मदत अर्थातच नव्हती.

तुर्कीत शिजवलेल्या अन्नाला ‘आश’ आणि स्वयंपाक्याला ‘आशची’ म्हणतात. तिकडच्या सुलतानांनीही मशिदींना जोडून ‘इमारेत’ नावाची अन्नछत्रे चालवली. सुलतान सुलेमानची बेगम हुर्रेम हिने जेरुसलेममध्ये १५५२ मध्ये सुरू केलेल्या अन्नछत्रात याच दोन गोष्टी मिळत असत. सूप आणि रोटी. शाही मेजवान्यांचे वर्णन सगळेच करतात. पण दोन राज्यांच्या स्वयंपाकघरांतले खरे साम्य या गरिबाच्या ताटात दिसते. किल्ल्याची पायरी उतरून बाजाराकडे वळताना एवढे ध्यानात असू द्यावे.

एक मशीद, दोन लिपी

किल्ल्यापासून गांधी चौकाकडे आले की जामा मशीद लागते. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ती १५८९ च्या सुमारास पूर्ण केली. तिचे दोन उंच मिनार गावात कुठूनही दिसतात. नमाजाची वेळ टाळून, परवानगी घेऊन आत जावे. आत भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याच मशिदीत देवनागरीत कोरलेला संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ असून, मशिदीच्या उभारणीचा काळ विक्रम संवत आणि शालिवाहन शक अशा दोन्ही गणनांत दिला आहे.

दुकानावरची पाटी कोणत्या भाषेत लावावी यावरून आपल्या गावांत काय काय झाले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या मुख्य मशिदीवर प्रजेची आणि धर्माची, अशा दोन्ही लिपी कोरून घेतल्या. त्यामुळे ना मशिदीचे काही कमी झाले, ना राजाचे.

पालथ्या कढईवर

आता दिवे लागले आहेत. मांड्याची भट्टी शोधायला पत्ता लागत नाही; जुन्या पुऱ्यांत कुणालाही विचारले तरी वाट सांगतात. लाकडाच्या जाळावर मोठी लोखंडी कढई पालथी घातलेली असते. कारागीर मैद्याचा गोळा घेतो, दोन्ही हातांवर उडवत, फिरवत तो वाढवत नेतो आणि कोपरापर्यंत आलेली ती चादर कढईच्या पाठीवर अंथरतो. पापणी लवते न लवते तोच ती उलटून, निघून, घडी होऊन ढिगावर पडते. जिथे कापड विणले गेले त्या गावात रोटीही कापडासारखीच घडी करून ठेवतात. मोगल फौजेला झटपट भरपूर रोट्या लागत, त्यातून हा प्रकार आला, असे गावात सांगतात. लग्नकार्यात आणि रमजानच्या दिवसांत तर त्याच्यावाचून चालत नाही.

हा मांडा कोरम्याबरोबर खायचा. आणि इथे तुर्की भाषा आपल्या ताटात येऊन बसते. ‘कोरमा’ हा शब्द तुर्की ‘कावुर्मा’वरून आला, कावुर्मा म्हणजे परतलेले मांस. ‘खिमा’ म्हणजे तुर्की ‘कियमा’, बारीक चिरलेले. ‘बेगम’ तुर्की, ‘तोफ’ही मुळात तुर्की. विजापूरच्या बुरजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ती मुहम्मद बिन हुसेन रुमी या तुर्की कारागिराने. ‘रुमी’ म्हणजे रूमचा, अर्थात तुर्कस्तानचा. मराठीतून बोला की कानडीतून, हे शब्द दोन्हीकडे सारखेच रुळले आहेत.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसू नये. मांडा स्वतः शाकाहारीच आहे. तो बांधून घ्यावा आणि डाळीशी, खानदेशी शेवभाजीशी, भरताशी किंवा हंगाम असेल तर आमरसाशी खाऊन पाहावा. बेळगावचा कुरकुरीत मांडा ज्याला आवडतो, त्याला हा मऊपणा आधी परका वाटेल. दुसऱ्या घासाला हाताची जात ओळखू येते.

कोणी कोणाकडून घेतले?

इथे कोणीतरी हटकून विचारतो, की मग मांडे तुर्कांनी आणले का? नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या १२ व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ आहे. त्याची राजधानी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मोगल यायच्या चारशे वर्षे आधी, मराठी आणि कानडी जिथे एकमेकींत मिसळतात त्याच मुलखात मांडा शिजत होता. राजवाडाच कशाला, आपल्या संतकथेतही तो आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, विसोबांच्या धाकाने कुंभार खापर देईनात, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा घराघरांत सांगतात. कथेतले खापर पालथेच आहे, हे लक्षात घ्यावे. आणि योग असा, की त्या मुक्ताईचे समाधिस्थान बुऱ्हाणपूरच्या खालच्या अंगाला, याच तापीच्या काठी, मुक्ताईनगर तालुक्यात आहे. बुऱ्हाणपूरला जाणाऱ्यांनी परतताना मुक्ताईचे दर्शन घेऊनच घरी यावे.

उलट, तुर्कांनी तरी आपल्याकडून कशाला घ्यावे? अनातोलियाच्या खेड्यांत बाया ‘साच’ नावाच्या बाकदार लोखंडी तव्याच्या फुगीर बाजूवर ‘युफ्का’ नावाची पातळ रोटी भाजतात. तिच्यात पालक, चीज किंवा बटाटा घालून घडी घातली की ‘गोझलेमे’ होते. एक लाटते, एक पातळ करते, एक भाजते. घरातल्या, शेजारच्या बाया जमतात आणि पुढच्या दिवसांची बेगमी होते. आपल्याकडे पापड-कुरडयांना जशी वाडी जमते, तसेच. जिथे जळण थोडे, माणसे पुष्कळ आणि हात तयार, तिथे माणसाला भांडे पालथे घालण्याची युक्ती सुचते. ती एकाने दुसऱ्याकडून उचललीच पाहिजे असे नाही. शब्द प्रवास करतात, कापड प्रवास करते, स्वयंपाकीही करतात. पण काही गोष्टी दोन घरांत आपापल्या उगवतात आणि तरी सख्ख्या निघतात.

तुर्कस्तान, इराण, अझरबैजान, कझाकस्तान आणि किरगिझस्तान या पाच देशांनी २०१६ मध्ये एकत्र अर्ज करून ही पातळ रोटी भाजण्याची आणि वाटून खाण्याची रीत युनेस्कोच्या यादीत नोंदवली. लवाश, कातिर्मा, जुप्का, युफ्का अशी चार नावे एकाच नोंदीत आहेत. या देशांचे आपसात सगळेच गोड आहे असे नाही. तरी रोटीच्या बाबतीत त्यांनी ‘ही कोणाची’ हा वाद बाजूला ठेवला.

गोडाचा शेवट

फेरीचा शेवट गोडाने. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी आपल्या केशरी, कुरकुरीत जिलबीची बहीण वाटतच नाही. खव्याचे पीठ, जाड वेढे, तपकिरी होईपर्यंत तळलेले आणि पाकात मुरलेले. एक खाल्ली तरी जेवल्यासारखे वाटते. मुंबईत रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर मावा जिलबीच्या कढया लागतात, तिथे बुऱ्हाणपूरचे नाव मानाने लावलेले दिसते. जिलबी हा शब्द अरबी-फारसी ‘झुलाबिया’चा आणि तोच मराठीत जिलबी, कानडीत जिलेबी झाला.

दुसरा प्रकार दराबा. रवा, तूप आणि साखर, एवढेच सामान. पण ते हलके, पांढरट आणि तोंडात विरघळणारे होईपर्यंत फेटत राहावे लागते. सगळी करामत मनगटाची. तुर्कस्तानात रव्याचाच ‘इर्मिक हेलवासी’ करतात, तोही सतत ढवळत. घरात माणूस गेले की तो करून शेजाऱ्यांत वाटण्याची तिथे प्रथा आहे; ढवळताना गेलेल्याची आठवण काढायची. आपल्याकडे हाच रवा सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा होतो आणि थोडा दक्षिणेकडे सरकला की केसरीभात. सामान एकच, ते आनंदाला वापरायचे की दुःखाला, हे गाव ठरवते.

सोबत केळ्याचे वेफर बांधून घ्यावेत. बुऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा, शेजारच्या रावेर-यावलसारखाच. शेत बघून राज्याची हद्द कुठे संपली ते सांगता येत नाही.

१ नोव्हेंबरची गोष्ट

हद्दीचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवे. उदगीरच्या १७६० च्या लढाईनंतर निजामाने मराठ्यांना जो मुलूख दिला, त्यात बुऱ्हाणपूर होते आणि विजापूरही होते. पुढे इंग्रजी अमलात बुऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला, निमाड मध्य प्रदेशात राहिला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांनी आणि बेळगावच्या मराठी घरांनी एकाच सकाळी उठून आपली राजधानी बदललेली पाहिली.

बुऱ्हाणपुरात आजही बाजारात फिरताना हिंदी, उर्दू, मराठी, खानदेशी आणि गुजराती एकाच गल्लीत कानावर पडते. गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारेल तिच्यात दुकानदार उत्तर देतो. आपल्याकडच्या जुन्या पेठेतला व्यापारी वेगळे काय करतो? मराठी-कानडी घरांतल्या माणसाला या गावात परके वाटत नाही, ते यामुळे.

राज्यांच्या सीमा आयोगांनी ठरवाव्यात, न्यायालयांनी पाहाव्यात. ते त्यांचे काम. आपल्या घरचे काम निराळे आहे. मांडा मराठी की कानडी, मोगलाई की खानदेशी, हा वाद आपण कितीही रंगवला तरी त्याने एकही मांडा भाजला जात नाही. खापरावर हात चालवणाऱ्या बाया बेळगावात कमी होत चालल्या आहेत, खानदेशातही पुरणाचे मांडे बाहेरून करून आणणारी घरे वाढली आहेत. भट्टीसमोर उभे राहून चटके सोसायला नवी पोरे सहज तयार होत नाहीत. कोणाचा हे ठरवता ठरवता तो कोणाचाच उरणार नाही, ही खरी काळजी आहे.

म्हणून सुट्टीत बुऱ्हाणपूरला जरूर जावे. पण त्याआधी, किंवा परत आल्यावर तरी, घरातल्या वा नात्यातल्या ज्या आज्जीला मांडे येतात तिच्याजवळ एक दुपार बसावे. कणकेला पाणी किती, ती किती वेळ मुरवायची, तापलेले खापर कसे ओळखायचे, हे तिच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावे, आणि पहिले दोन-चार फाटले तरी स्वतःच्या हाताने करून पाहावेत. ती मराठीत सांगेल किंवा कानडीत. लिहून घेणाऱ्याला दोन्ही येते, हे आपल्या घरांचे भाग्य आहे.